उघाडीवरचं कुलूप

तुमच्या घरातल्या किती वस्तू आत्ता, या क्षणी, बाहेरच्या कोणाशी तरी बोलत आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? टीव्ही, मनगटावरचं घड्याळ, दारावरचा कॅमेरा. त्या काय सांगतात, कोणाला सांगतात, आणि सांगायची परवानगी त्यांना कोणी दिली?

मला माहीत नव्हतं. आणि मी तर स्वतःला फार जागरूक समजत होते. माझे वडील युनियनचं काम करायचे. आमच्याकडे जेवताना ताटाखाली उरलेलं पत्रक अंथरलेलं असायचं, त्यामुळे 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मी वरणभाताबरोबरच वाचायला शिकले. कारखानदार, बिल्डर, पुढारी, या सगळ्यांना कोणते प्रश्न विचारायचे ते मला पाठ होतं. दारावरच्या घंटीला प्रश्न विचारायचा असतो, हे मात्र मला एका घरमालकाने शिकवलं. घरमालक ही जमात आमच्या पत्रकांत कधी चांगल्या ओळीत आलेली नव्हती, हेही सांगून टाकते.

पनवेलजवळ करंजाड्यात या घरमालकांचे शेजारी-शेजारी दोन फ्लॅट होते. एकात ते आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, राहायचे, दुसरा भाड्याने द्यायचे. मी तो बघायला गेले तेव्हा दार उघडून ते एकच शब्द बोलले, "फोन." मला वाटलं नंबर मागतायत. त्यांनी हात पुढे केला होता. माझा फोन घेऊन ते स्वयंपाकघरात गेले, तांदळाच्या स्टीलच्या डब्यात तो ठेवला, वर झाकण घट्ट बसवलं आणि परत येऊन समोर बसले. "आता बोला."

मग उलटतपासणी. कुठे काम करता, कोण येतं-जातं, माझ्या पिशवीतली पत्रकं कोण लिहितं, कोण छापतं. पहिले काही महिने माझी खात्री होती की हा माणूस कोणाला तरी माझी खबर देतो. त्यांचीही माझ्याबद्दल तीच खात्री होती, हे पुढे काकूंकडून कळलं. असं आमचं नातं अगदी बरोबरीच्या पायावर सुरू झालं.

ते मला 'पत्रकवाली' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे, पण मनात सावध राहून.

पनवेलच्या बाजारात त्यांना सगळे ओळखत. कारण ते पिशवीबरोबर खिशात एक पितळी वजन घेऊन जायचे. भाजी घेण्याआधी ते वजन काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, मग भेंडीला हात लावायचा. भाजीवाल्या एकमेकींना हाक मारून सांगत, "आले गो, इनिस्पेक्टर आले." त्यांना त्याचं काही वाटत नसे. काट्यात फरक निघाला तर ते भांडत नसत, फक्त दुसऱ्या गाड्याकडे जात. आणि बरोबर निघाला तरी चेहऱ्यावर समाधान दिसायचं नाही. काकू म्हणायच्या, लग्नात मंगळसूत्रही यांनी वजन करूनच माझ्या गळ्यात घातलं असतं, भटजी घाई करत होते म्हणून राहिलं.

या सगळ्याला एक कारण होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही डाळ निवडता निवडता. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर मालाने भरलेले ट्रक तोलायचे मोठे काटे असतात. असे काटे तपासणं आणि दुरुस्त करणं ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. एका काट्याबद्दल ड्रायव्हर कुरकुर करायचे आणि हे तपासायला गेले की काटा दर वेळी बरोबर निघायचा. शेवटी त्यांनी आकडे दाखवणारं यंत्र उघडलं. आत, डिंकाच्या थराखाली, नखाएवढी एक रेडिओची चिप चिकटवलेली होती. कोणीतरी लांब उभं राहून खिशातलं बटण दाबायचं आणि ट्रकचं वजन बदलायचं. यांनी साहेबांना दाखवलं. साहेबांनी आभार मानले आणि यांची बदली गोदामाच्या हिशेबावर केली. पुढे काय झालं ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

"चिपचा दोष नव्हता," ते म्हणाले. "तिला सांगितलं ते तिने केलं. ज्याने सांगितलं त्याचं नाव चिपवर नसतं."

तेव्हापासून कुठलीही वस्तू घरात आली की तिच्याकडे बोट करून ते विचारायचे, "कोणाशी बोलतं हे?" पाणी तापवायच्या गीझरलाही विचारायचे. काकूंच्या बहिणीने दिवाळीला घड्याळ पाठवलं, पावलं मोजणारं, तर ते आठवडाभर तांदळातच होतं.

आता मंदाताईंकडे येते, कारण त्यांच्याशिवाय ही हकीकत नुसती गंमत ठरेल.

गव्हाणच्या पुढे खाडीला लागून एक लहानसा पाडा आहे. खाडी आणि घरं यांच्या मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला ती आतलं पाणी बाहेर जाऊ देते आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने बंद होते. पूर्वी अमावास्या-पुनवेच्या उधाणाला प्रत्येक घराने पाळीपाळीने उघाडीवर बसायचं, अशी रीत होती. झडपेत ओंडका अडकला की बसलेल्या माणसाने ओरडायचं, पाडा धावायचा. आता मिठागरं गेली, शेती गेली, भोवताली भराव पडले. पाळीला बसायचं तर कोणी घरी नाही, सगळे गोदामांत आणि गोदीत. झडपेत ओंडक्याऐवजी प्लास्टिक अडकतं. उधाणाचं पाणी येतं ऐन दुपारी, आणि ते येताना बघायला कोणी नसतं.

मंदाताई एका गोदामात सफाईचं काम करायच्या. त्यांचे सासरे अर्धांगाने पडलेले, अंथरूण जमिनीवर. एका उधाणाला त्या कामावरून परतल्या तेव्हा म्हातारा पाण्यात पडलेला होता, तोंड तेवढं वर. मी भरावाच्या विरोधातलं पत्रक वाटायला पाड्यावर गेले होते. त्यांनी ते घेतलं, घडी केली आणि म्हणाल्या, "बाय, भरावाचं तुमी लढा. मला येक सांगा. पानी उघाडीच्या आत शिरलं की नाक्यावरच्या दुकानात काय तरी वाजल, असं करता येतं का? दुकानात कोन ना कोन असतो. धावल, म्हाताऱ्याला उचलल. मला दुसरं काय नको."

पत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी तो प्रश्न घरमालकांकडे नेला.

ते मला मदत करतील असं वाटलं नव्हतं. पण त्यांनी पहिला प्रश्न नेहमीचा सोडून वेगळाच विचारला, दुकान उघाडीपासून किती लांब? मी म्हटलं, हाकेपेक्षा थोडं लांब. ते म्हणाले, मग नेट कशाला हवं?

हे त्यांनी म्हणायला कारण होतं. त्याच सुमारास एका संस्थेचे दोन तरुण पाड्यावर येऊन गेले होते. त्यांच्याकडे तयार यंत्र होतं, फुकट. उघाडीवर बसवायचं, पाणी वाढलं की फोनवर सूचना. मंदाताई खूश होत्या, आणि हे मी घरमालकांना सांगितलं होतं. मी त्या दोघांना घरमालकांकडे घेऊन आले. फोन तांदळात ठेवायला ते तयार झाले नाहीत, तिथेच त्यांचे गुण कापले गेले. काकूंनी चहा दिला. यंत्र बादलीच्या कडेला लावलं, बादलीत पाणी ओतलं, फोन लगेच वाजला. छान चालत होतं. घरमालक उठले आणि कोपऱ्यातला राउटर त्यांनी बंद केला. पुन्हा पाणी ओतलं. यंत्राचा दिवा लुकलुकत राहिला, फोन गप्प.

"सर, नेट तर असणारच ना," त्यांच्यातला एक म्हणाला. "आजकाल गावातपण फोर जी आहे."

"उधाणाला पाऊस असला की तिथे लाईट जाते. लाईट गेल्यावर टॉवर किती वेळ टिकतो, बघितलंय?"

तो बघतो म्हणाला. मग घरमालकांनी तो प्रश्न विचारला. हे कोणाशी बोलतं? तरुणांनी मोकळेपणाने सांगितलं, आमच्या सर्व्हरशी. आकडे तिथे जातात, तिथून फोनवर येतात. आकडे तिथे किती काळ राहतात आणि आणखी कोण बघतं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. तरुण गेल्यावर घरमालक खिडकीशी गेले. खाली नव्या इमारतीचा पाया खणत होते. "कुठल्या जमिनीवर किती वेळा पाणी येतं हे ज्याला घरबसल्या कळतं," ते म्हणाले, "त्याला ती कधी स्वस्तात मिळेल हेही कळतं."

माझं डोकं पेटलं. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'तुमचं पाणी मोजणारे कोण?' संस्था, बिल्डर, सर्व्हर, सगळं एका दमात. ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "पुरावा?"

मी म्हटलं, संशय तुम्हीच घेतलात.

"संशय म्हणजे आरोप नाही, पत्रकवाली. संशय म्हणजे तपासणी बाकी आहे."

ते पत्रक छापलं गेलं नाही. ती मुलं सरळ होती की नव्हती, हे मला आजही माहीत नाही. मला त्यांचा संशय अजूनही येतो. पण आरोप मी करत नाही.

मग बिननेटचा भोंगा आपणच करायचा ठरवून आम्ही बोर्ड निवडायला बसलो. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटभर लांबीचा बोर्ड. त्यावर एक चिप असते, तिला एकदा काम शिकवलं की ती तेच करत राहते. पाणी तारेला लागलं का बघ, लागलं तर सांग. आम्हाला हवा होता तो नवशिक्याला जमेल असा आणि बिनतारी बोलणारा. घरमालकांनी वर्तमानपत्रावर तीन बोर्ड मांडले, जसे काही संशयित ओळख परेडीला उभे केलेत.

पहिला, शाळकरी मुलं ज्यावर शिकतात तो निळा बोर्ड. शिकायला सर्वांत सोपा, पण त्याला रेडिओ नाही. तो वेगळा आणून तारांनी जोडायचा. "जितके जोड तितके गंज," असं म्हणत त्यांनी तो बाजूला सारला. खाडीची हवा तांब्याला खाते, हे ते आयुष्यभर बघत आले होते. दुसरा छोटा, नवा, चांगला होता, वायफायही होतं. पण पनवेलच्या दुकानात कधी मिळायचा, कधी नाही. तिसरा ईएसपी३२. त्यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आतच. नेमका त्याच्यावरच त्यांचा दात. "दोन तोंडं आहेत याला," ते म्हणाले.

मी त्याची वकिली केली. तो इथे दुकानात मिळतो. बिघडला तर दुसरा आणता येतो. त्याच्यावर हिंदी-मराठीत इतके व्हिडिओ आहेत की अडलं तर विचारायला माणूस शोधावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे असे दोन बोर्ड एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये राउटर नाही, नेट नाही, टॉवर नाही. एक उघाडीवर, एक दुकानात. तिसरा कोणी नाही. मी भाषण ठोकावं तसं बोलले असणार, कारण काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी ऐकलं," घरमालक म्हणाले. "आता त्याचं ऐकू."

त्यांनी त्यात आमचा प्रोग्राम भरला, तो चालू केला आणि आपल्या जुन्या राउटरवर पाळत लावली, हा कुठे बाहेर दार ठोठावतो का ते बघायला. रोज सकाळी मी विचारायचे, काय म्हणतो? रोज उत्तर एकच, काही नाही. हळूहळू ते उदास दिसायला लागले. शेवटी म्हणाले, "गप्प आहे. गप्प असणाऱ्याचा मला जास्त संशय येतो." पण निवड झाली.

शेवटची परीक्षा त्यांनी मंदाताईंची घेतली, किंवा खरं तर बोर्डाची. जो वापरणार त्याला त्यातला एक तरी आकडा स्वतः बदलता आला नाही, तर तो बोर्ड सोपा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मंदाताई रविवारी करंजाड्याला आल्या. त्यांना लॅपटॉपवर ती ओळ दाखवली. पाणी तारेला लागून किती मिनिटं झाली की भोंगा वाजवायचा, तो आकडा. एखादी लाट लागली म्हणून ओरडायला नको, आणि उशीरही व्हायला नको. त्यांनी आकडा कमी केला, बोर्डात भरला, बादलीत तार बुडवली. दुसऱ्या खोलीत भोंगा वाजला तेव्हा त्या अशा हसल्या, की घरमालकांनी चष्मा काढून पुसला.

"आमचा म्हातारा जड हाय," त्या म्हणाल्या. "उचलायला येळ लागतो. म्हनून कमी केला."

इथवर सगळं माझ्या पत्रकासारखं सरळ चाललं होतं.

घरमालकांनी एक बोर्ड दुकानात लावला आणि उघाडीवरचा विजेच्या कामाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात बसवला. पत्रा नको, पत्र्यातून रेडिओ बाहेर जात नाही, म्हणूनच तर फोन स्टीलच्या डब्यात जायचे. डब्याला काच लावलेलं एक भोक, आतला हिरवा दिवा दिसायला. आणि डब्याला कडी, आणि कडीला कुलूप. मी कुलुपाबद्दल विचारलं. ते म्हणाले, त्या ट्रकच्या काट्याचं यंत्र माझ्या हातून बिनकुलपाचं राहिलं होतं, म्हणून त्यात कोणीतरी हात घालू शकलं. पुन्हा नाही. किल्ली त्यांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते शूरपणाचं वाटलं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मंदाताईंचा फोन आला. हिरवा दिवा विझला होता. घरमालकांना लगेच संशय आला, कोणीतरी हात लावला. त्यांनी मंदाताईंना बजावलं, डब्याला हात लावू नका, कोणाला लावू देऊ नका, उद्या सकाळी मी येतो. त्या म्हणाल्या, कुलूप तोडून बघू का? ते म्हणाले, नाही.

सकाळी आम्ही निघालो. उरणच्या रस्त्यावर कंटेनरची रांग लागलेली होती. ट्रकमागे ट्रक, कोणी हलत नव्हतं. रिक्षात घरमालक एका हाताने किल्ली धरून बसले होते आणि दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते. ऊन चढलं. भरतीची वेळ मलाही माहीत होती, त्यांनाही.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होतं. मंदाताई त्या दिवशी कामावर गेल्याच नव्हत्या. डबा गप्प झाल्यावर त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे स्वतःच पाळी धरली होती. पाणी शिरताना बघून त्या पळत आल्या होत्या आणि शेजारणीच्या मदतीने सासऱ्यांना उचलून तिच्या खाटेवर घातलं होतं. अंथरूण भिजलं होतं, मंदाताईंची पाठ धरली होती. म्हातारा खाटेवरून आमच्याकडे बघून म्हणाला, "भोंगा कुटं हाय?"

पाणी उतरायला लागल्यावर आम्ही बांधावर गेलो. घरमालकांनी गळ्यातून किल्ली काढली, कुलूप उघडलं. कोणी हात लावलेला नव्हता. बॅटरीची तार क्लिपमधून निसटली होती, एवढंच. त्यांनी ती बोटाने दाबली. हिरवा दिवा लागला.

मंदाताई शेजारी उभ्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत ओली. त्यांनी तारेकडे बघितलं, मग किल्लीकडे.

"एवडंच होतं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ही तार मी काल लावली असती, साहेब. त्या पोरांचा डबा त्यांच्या हातात होता. ह्यो तुमच्या हातात हाय. आमच्या हातात काय दिलं तुमी?"

घरमालक बांधावर तसेच उकिडवे बसून राहिले. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की मालक वाईट असतो म्हणून प्रश्न असतो. तिथे एक सरळ माणूस होता, त्याने कोणाला फसवलं नव्हतं, कोणाला काही विकलं नव्हतं, आणि तरी किल्ली त्याच्या गळ्यात असल्यामुळे एक म्हातारा पाण्यात गेला असता.

थोड्या वेळाने त्यांनी कुलूप कडीतून काढलं आणि खिशात टाकलं, जिथे पितळी वजन असायचं तिथे. किल्ली मंदाताईंपुढे धरली. त्या म्हणाल्या, कुलूपच नको तर किल्ली कशाला. खरं होतं.

पुढच्या पुनवेच्या आत त्यांनी डबा बदलला. नवा डबा पारदर्शक, लोणच्याच्या बरणीसारखा फिरकीच्या झाकणाचा. आत काय आहे ते बांधावरून जाणाऱ्या कोणालाही दिसावं. दुकानातल्या बोर्डाला त्यांनी आणखी एक काम शिकवलं. उघाडीवरच्या बोर्डाने ठरावीक वेळाने 'आहे' असं कळवायचं, आणि तो गप्प झाला तर दुकानात वेगळा आवाज वाजायचा. "गप्प असणाऱ्याचा संशय घ्यायचा म्हणालो होतो," ते मला म्हणाले, "आणि नेमका तोच घेतला नाही." तार कशी लावायची, आकडा कसा बदलायचा, हे मंदाताईंनी शेजारणीला शिकवलं, शेजारणीने दुकानदाराला. कोणीतरी हात घालेल, ही भीती घरमालकांना तरीही होतीच. ते म्हणायचे, हात घालणारे सगळ्यांना दिसत असतील तर घालू देत.

आता त्यांनी करंजाडं सोडलं आहे. ते आणि काकू मुलीकडे राहतात. तिच्याकडे दिवे हाकेवर लागतात आणि टीव्ही विचारल्यावर हवामान सांगतो. काकूंचा फोन येतो तेव्हा त्या सांगतात, हे अजून रोज सकाळी दिव्याला विचारतात, कोणाशी बोलतोस? जावई हसतो. पण तांदळाचा डबा त्यांनी सामानात बरोबर नेला आहे, आणि त्यात सध्या जावयाचं घड्याळ आहे.

मंदाताईंचे सासरे गेले, घरी, कोरड्या अंथरुणावर. डबा अजून बांधावर आहे आणि उधाणाला वाजतो.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. आज घरातला राउटर तासभर बंद करा आणि बघा, कोणत्या वस्तू मुक्या होतात. ज्या होतील त्यांना विचारा, कोणाशी बोलत होतात. मग बाहेर पडा. तुमच्या सोसायटीत, गावात, टाकीवर, पंपावर तुमच्या नावाने बसवलेला एखादा डबा असेलच. त्याचं झाकण उघडून बघा. उघडलं नाही, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. आणि ती एखाद्या भल्या माणसाकडे आहे असं उत्तर आलं, तरी मागून घ्या.